पाउचडीबीत ४०९ आला तर काय करायचं: डॉक्युमेंट कॉन्फ्लिक्ट हाताळायची पहिल्यापासूनची पद्धत

कन्सोलमध्ये ‘डॉक्युमेंट अपडेट कॉन्फ्लिक्ट’ आणि शेजारी ४०९ (कॉन्फ्लिक्टसाठीचा एचटीटीपी कोड) दिसला की नवीन माणूस साधारण दोनपैकी एक गोष्ट करतो. एकतर ट्राय-कॅच लावून एरर गिळून टाकतो, नाहीतर ताजा रेव्ह (डॉक्युमेंटच्या आवृत्तीची खूण, पायरी १ बघा) आणून जुन्या ऑब्जेक्टला चिकटवतो आणि परत सेव्ह करतो. दोन्हीत एरर जाते आणि दोन्हीत कुणाचा तरी डेटा पण जातो, फक्त तो गेला हे लगेच कळत नाही, महिन्याभराने कोणीतरी ‘मी नंबर बदलला होता की’ म्हणत येतं तेव्हा कळतं. म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहून ठेवतोय.

मी इथे ब्राउझरमध्ये पाउचडीबी आणि सर्व्हरवर काउचडीबी (डॉक्युमेंटच्या रूपात डेटा ठेवणारी डेटाबेस) असा सेटअप धरलाय. काउचडीबीचं काम डेमियन कॅट्झने २००५ मध्ये सुरू केलं, २००८ मध्ये ती अपाचेची टॉप-लेव्हल प्रोजेक्ट झाली, आणि पाउचडीबी म्हणजे तीच कल्पना जावास्क्रिप्टमध्ये, ब्राउझरच्या आत. दोघींचा मूळ हेतूच असा की नेट नसताना काम चालू राहावं आणि नेट आलं की जुळवून घ्यावं. मग कॉन्फ्लिक्ट येणारच, तो बग नाही.

उदाहरण एकच धरू. कृषी सेवा केंद्र आहे, काउंटरवर एक टॅब्लेट, मागच्या गोदामात दुसरा, आणि गोदामात नेटवर्क येतं-जातं. डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांची खाती आहेत (नाव, मोबाइल, गाव, टीप) आणि मालाचा साठा आहे.

आधी हे हाताशी ठेवा:

- नोड, पाउचडीबी आणि पाउचडीबीचं अपसर्ट प्लगिन
- काउचडीबी लोकल मशीनवर (पोर्ट ५९८४), सोबत फॉक्सटन हे तिचं वेब पॅनल
- कर्ल, म्हणजे लायब्ररी मध्ये न आणता सर्व्हरला थेट विचारता येतं
- ब्राउझरच्या दोन खिडक्या, एक साधी आणि एक इनकॉग्निटो. दोघींचं स्टोरेज वेगळं असतं, त्यामुळे एकाच लॅपटॉपवर दोन टॅब्लेट तयार होतात
- कागद. खरंच, पायरी ५ साठी लागेल

## १. रेव्ह म्हणजे काय ते आधी समजून घ्या

प्रत्येक डॉक्युमेंटला दोन खास फील्ड असतात, अंडरस्कोर आयडी आणि अंडरस्कोर रेव्ह. रेव्हचे दोन भाग असतात, आधी आकडा, मग डॅश, मग लांबलचक हेक्स स्ट्रिंग. डॉक्युमेंट पहिल्यांदा तयार झालं की आकडा १, प्रत्येक बदलाला एकाने वाढतो.

इथे लॉक नावाचा प्रकार नाही. तुम्ही डॉक्युमेंट वाचलंत म्हणून दुसऱ्याला कोणी थांबवत नाही. लिहिताना मात्र तुम्हाला सांगावं लागतं की ‘मी हा रेव्ह पाहून बदल केलाय’. तो रेव्ह अजूनही सगळ्यात ताजा असेल तर लिहिलं जातं, नसेल तर ४०९. म्हणजे ४०९ चा अर्थ एवढाच की तुम्ही वाचल्यानंतर आणि लिहिण्याआधी मध्ये कोणीतरी बदल केला, आणि तुमच्या हातातली प्रत शिळी आहे. डेटाबेस त्या दुसऱ्या माणसाचा बदल वाचवतेय.

हीच पद्धत इतर ठिकाणी पण दिसेल. इलास्टिकसर्चमध्ये सिक्वेन्स नंबर आणि प्रायमरी टर्म पाठवून लिहिलं आणि ते जुळले नाहीत तर तिथेही ४०९ च येतो. त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

## २. ४०९ नेमका कशामुळे आला ते शोधा

लगेच रीट्रायचा लूप लिहायला बसू नका, कारण अर्ध्या वेळा दुसरा माणूस नसतोच, आपलाच कोड दोनदा धावलेला असतो. मी या क्रमाने बघतो:

पुटचं (डॉक्युमेंट लिहायच्या कॉलचं) उत्तर वापरलं नाही. पुट यशस्वी झाला की उत्तरात ओके, आयडी आणि नवीन रेव्ह येतो, पण तुमच्या मेमरीतल्या ऑब्जेक्टमध्ये रेव्ह जुनाच राहतो, तो आपोआप बदलत नाही. मग युजरने फॉर्म न सोडता दुसऱ्यांदा सेव्ह दाबलं की ४०९. ‘पहिल्यांदा सेव्ह होतं, दुसऱ्यांदा होत नाही’ अशी तक्रार आली तर दुसरीकडे बघूच नका, हेच असतं.

दोन पुट एकाच वेळी सुटले. सेव्ह बटणावर डबल क्लिक, अवेट विसरलेला, किंवा रिअॅक्टच्या स्ट्रिक्ट मोडमध्ये डेव्हलपमेंटला इफेक्ट दोनदा चालला. बटण सेव्ह होईपर्यंत डिसेबल करा, अवेट लावा, प्रश्न मिटतो.

नवीन म्हणून टाकलं पण ते आधीच आहे. आयडी तुम्ही स्वतः देता (उदाहरणार्थ सेटिंग्जचं डॉक्युमेंट) आणि अॅप सुरू होताना दरवेळी रेव्ह न देता पुट करता, तर पहिल्या दिवशी चालेल, नंतर रोज ४०९. इथे अपसर्ट प्लगिनमधलं पुट-इफ-नॉट-एक्झिस्ट्स वापरायचं.

स्क्रीन बराच वेळ उघडी होती. काउंटरवरच्या माणसाने खातं उघडलं, गिऱ्हाईक आलं, तो तिकडे गेला, तेवढ्यात सिंकमधून गोदामाचा बदल आला, मग याने सेव्ह केलं. हा खरा कॉन्फ्लिक्ट, आणि पुढची पायरी याच्यासाठी आहे.

बल्कडॉक्स (अनेक डॉक्युमेंट एकदम लिहायचा कॉल) वापरत असाल तर अजून एक गोष्ट. तिथे काही डॉक्युमेंट कॉन्फ्लिक्टमुळे नाकारली गेली तरी अख्खा कॉल फेल होत नाही, कॅच ब्लॉकमध्ये काहीच येत नाही. उत्तरात एक अॅरे येते, प्रत्येक डॉक्युमेंटसाठी वेगळा निकाल, आणि तो एकेक करून तपासावा लागतो. शंभर नोंदी टाकल्या आणि चार कुठे गेल्या कळत नाही, असं झालं की आधी ही अॅरे प्रिंट करा.

## ३. परत वाचा, फक्त आपला बदल लावा, मग लिहा

पद्धत सोपी आहे: गेट करा (म्हणजे डॉक्युमेंट वाचा), ताज्या डॉक्युमेंटवर बदल लावा, पुट करा, ४०९ आला तर पुन्हा गेटपासून सुरू करा. पण लोक अडकतात ते ‘बदल लावा’ या शब्दांवर.

काउंटरवर खातं उघडलं तेव्हा रेव्ह ३ होता. काउंटरवाल्याने मोबाइल नंबर बदलला. मधल्या वेळेत गोदामवाल्याने त्याच खात्यात गाव दुरुस्त केलं, रेव्ह ४ झाला. काउंटरचं सेव्ह ४०९ ने परतलं. आता तुमच्या कोडने ताजं डॉक्युमेंट आणलं, त्यातला फक्त रेव्ह उचलला आणि फॉर्ममधल्या अख्ख्या जुन्या ऑब्जेक्टला लावून पुट केलं, तर नंबर नवीन गेला पण गाव परत जुनं झालं. एरर नाही, लॉग नाही, कोणालाच काही दिसलं नाही. हा रीट्राय दिसायला बरोबर दिसतो आणि कोड रिव्ह्यूमध्ये पण सुटून जातो, म्हणून दोनदा सांगतोय: रेव्ह उचलायचा नाही, डॉक्युमेंट उचलायचं, आणि त्यात युजरने जे फील्ड खरंच बदललं तेवढंच बसवायचं. त्यासाठी फॉर्म उघडताना मूळ प्रत बाजूला ठेवा आणि सेव्हच्या वेळी काय बदललं ते तिच्याशी ताडून काढा.

आणि दोघांनी मोबाइल नंबरच बदलला असेल तर? मग कोडने ठरवायचं नाही. युजरला दोन्ही नंबर दाखवा आणि कुठला ठेवायचा ते विचारा. शेतकरी समोर उभा आहे, तो सांगेल.

अपसर्ट प्लगिन हे गेट-बदल-पुट-रीट्राय तुमच्यासाठी करतं. तुम्ही आयडी आणि एक फंक्शन द्यायचं. फंक्शनला ताजं डॉक्युमेंट मिळतं (नसेल तर रिकामा ऑब्जेक्ट), बदल करून ते परत द्यायचं, बदल नको असेल तर फॉल्स परत द्यायचं. पण लक्षात ठेवा, कॉन्फ्लिक्ट आला की हे फंक्शन पुन्हा चालतं, कितीदा ते आधी सांगता येत नाही. म्हणून त्याच्या आत एसएमएस पाठवणं, बिल छापणं, बाहेरचा काउंटर वाढवणं असलं काही ठेवायचं नाही. ते सगळं अपसर्ट यशस्वी झाल्यावर बाहेर.

स्वतः लूप लिहीत असाल तर प्रयत्नांना मर्यादा घाला, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा कमी-जास्त वेळ थांबा, नाहीतर दोन क्लायंट एकमेकांना अडवत बसतात.

## ४. जो कॉन्फ्लिक्ट एरर देत नाही तो शोधा

आता मुख्य भाग. वरचं सगळं एकाच डेटाबेसवर दोघे लिहितात तेव्हाचं. पण गोदामाचा टॅब्लेट ऑफलाइन आहे, तो स्वतःच्या लोकल डेटाबेसमध्ये लिहितोय, तिथे त्याचा रेव्ह ताजाच आहे, त्यामुळे पुट यशस्वी. काउंटरचा पण यशस्वी. नेट आलं, सिंक झालं, तेही यशस्वी. कुठेही ४०९ नाही. आणि डॉक्युमेंटला आता दोन फांद्या आहेत.

साधं गेट केलं तर त्यातली एकच दिसते, जिला विनर म्हणतात. विनर कसा ठरतो हे नीट वाचा, कारण जवळजवळ सगळे ‘शेवटचा बदल जिंकतो’ असं धरून चालतात आणि ते चूक आहे. वेळेचा इथे काहीच संबंध नाही. डिलीट न झालेली फांदी डिलीट झालेलीपेक्षा वरचढ, मग ज्या फांदीचा इतिहास लांब ती जिंकते, आणि लांबी सारखीच असेल तर रेव्हची स्ट्रिंग अक्षरक्रमात जी मोठी ती. हा नियम असा ठेवलाय कारण प्रत्येक मशीनने दुसऱ्याला न विचारता तोच विनर काढला पाहिजे, घड्याळांवर भरवसा ठेवला असता तर ते जमलं नसतं.

याचा व्यवहारातला परिणाम बघा. दोघांकडे रेव्ह ३ आहे. गोदामवाल्याने सकाळी तीनदा सेव्ह केलं, तो ६ वर गेला. काउंटरवाल्याने दुपारी एकदाच, पण बरोबर नंबर टाकून सेव्ह केलं, तो ४ वर. सिंक झाल्यावर सगळीकडे सकाळचं डॉक्युमेंट दिसणार. आणि एखाद्या स्क्रीनला ऑटोसेव्ह असेल तर ती स्क्रीन जवळपास दरवेळी जिंकणार, कारण ती दर थोड्या वेळाने इतिहास लांबवत असते. ऑटोसेव्हमुळे साठणाऱ्या जागेचा विचार सगळे करतात, याचा फारसा कोणी करत नाही.

हरलेली फांदी पुसली जात नाही, ती आत शिल्लक असते, कॉम्पॅक्शननंतर (जागा वाचवायला जुन्या रेव्हचा मजकूर काढून टाकणं) पण राहते. फक्त मागावी लागते:

- एका डॉक्युमेंटसाठी गेटला कॉन्फ्लिक्ट्स ट्रू हा पर्याय द्या. हरलेल्या रेव्हची यादी अंडरस्कोर कॉन्फ्लिक्ट्स या फील्डमध्ये येते. कॉन्फ्लिक्ट नसेल तर ते फील्ड रिकामी अॅरे म्हणून येत नाही, मुळात नसतंच, त्यामुळे लेंग्थ तपासण्याआधी ते आहे का बघा.
- सगळ्या डेटाबेससाठी ऑलडॉक्सला (सगळी डॉक्युमेंट आणणारा कॉल) इन्क्लूड डॉक्स आणि कॉन्फ्लिक्ट्स दोन्ही ट्रू द्या. डेटा मोठा असेल तर सर्व्हरवर एक छोटा व्ह्यू (आधीच ठरवून ठेवलेली क्वेरी) करा जो अंडरस्कोर कॉन्फ्लिक्ट्स असलेलीच डॉक्युमेंट एमिट करतो, म्हणजे यादीत देतो.
- चालू अॅपमध्ये चेंजेस फीडला (डेटाबेसमधले बदल कळवत राहणारा प्रवाह) हेच दोन पर्याय देऊन ऐकत राहा.

सिंकच्या डिनाइड इव्हेंटवर कॉन्फ्लिक्टची वाट बघत बसू नका. तो परवानगी नाकारली गेली की येतो. कॉन्फ्लिक्टसाठी सिंकमध्ये इव्हेंटच नाही, कारण रेप्लिकेशनच्या (एका डेटाबेसमधली डॉक्युमेंट दुसऱ्यात नेणं, सिंक आतून हेच करतं) दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं.

## ५. मर्जचा नियम कागदावर लिहा, मग कोड

प्रत्येक प्रकारच्या डॉक्युमेंटसाठी फील्डची यादी करा आणि समोर लिहा की दोन किमती आल्या तर काय. हे डेव्हलपरने एकट्याने ठरवायचं काम नाही, दुकान चालवणाऱ्या माणसाजवळ बसून ठरवा. आमच्या उदाहरणात ते साधारण असं होईल: मोबाइल नंबर माणसाला विचारायचा, टीप असेल तर दोन्ही मजकूर एकाखाली एक ठेवायचे, पिकांची यादी असेल तर दोन्ही याद्या एकत्र (पण मग एकाने काढलेलं पीक दुसऱ्याच्या यादीतून परत येईल, ते चालणार आहे का हे विचारा). ‘ज्याची वेळ नंतरची तो ठेवा’ हा नियम लावायचा असेल तर टॅब्लेटचं घड्याळ कोणी हाताने बदललेलं नाही ना याची खात्री हवी, आणि तशी ती सहसा नसते.

साठ्याचा आकडा मात्र मर्ज होत नाही. युरियाच्या ४० गोण्या होत्या, काउंटरने ५ विकून ३५ लिहिलं, गोदामाने ३ देऊन ३७ लिहिलं. खरं उत्तर ३२, आणि ते दोन्हीपैकी कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नाही. कोणी म्हणेल मूळचा ४० शोधून फरक काढू, पण जुने मधले रेव्ह कॉम्पॅक्शनमध्ये जातात, त्यांच्यावर अवलंबून राहता येत नाही. याचा इलाज पायरी ७ मध्ये.

## ६. कॉन्फ्लिक्ट सोडवा, आणि हरलेली फांदी बंद करा

१. गेट, कॉन्फ्लिक्ट्स ट्रू. विनर आणि हरलेल्या रेव्हची यादी मिळाली.

२. यादीतल्या प्रत्येक रेव्हसाठी, तो रेव्ह देऊन गेट करा. आता सगळ्या आवृत्त्या हातात आहेत.

३. कागदावरच्या नियमाने एक डॉक्युमेंट तयार करा, त्यावर विनरचा रेव्ह ठेवा.

४. हे नवीन डॉक्युमेंट आणि हरलेल्या प्रत्येक रेव्हसाठी डिलीटची नोंद (तोच आयडी, तो हरलेला रेव्ह, अंडरस्कोर डिलीटेड ट्रू) एकाच बल्कडॉक्समध्ये पाठवा आणि निकालाची अॅरे तपासा.

५. परत कॉन्फ्लिक्ट्स ट्रू देऊन गेट करा. फील्ड गायब झालं असेल तर काम झालं.

चौथ्या पायरीतली डिलीट बहुतेक लोक विसरतात. मर्ज केलेलं लिहिलं, स्क्रीनवर बरोबर दिसतं, पण जुनी फांदी उघडीच राहिली. मग काही महिन्यांनी कोणीतरी ते खातं डिलीट करतो, म्हणजे विनर डिलीट होतो, आणि उघडी राहिलेली जुनी फांदी विनर म्हणून वर येते. ‘डिलीट केलेलं खातं जुन्या नंबरसकट परत आलं’ हे ऐकलंत की कॅशला दोष देण्याआधी कॉन्फ्लिक्ट तपासा.

हे काम शक्यतो एकाच ठिकाणी करा, सर्व्हरवरच्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये. प्रत्येक टॅब्लेट आपापलं सोडवायला लागला तर दोघे एकाच वेळी सोडवतात आणि त्यातून नवीन कॉन्फ्लिक्ट तयार होतो. टॅब्लेटवरच करणं भाग असेल तर मर्ज फंक्शन असं लिहा की तेच इनपुट दिलं की कुठेही तेच डॉक्युमेंट निघेल, त्यात चालू वेळ किंवा रँडम आकडा अजिबात नको.

## ७. कॉन्फ्लिक्ट कमी होतील अशी डॉक्युमेंट बनवा

माझं स्पष्ट मत आहे की या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, मर्जच्या कोडवर नाही. साठा हे बदलत राहणारं डॉक्युमेंट ठेवूच नका. प्रत्येक विक्री, प्रत्येक आवक वेगळं डॉक्युमेंट: माल युरिया, बदल वजा ५, कुठून काउंटर, तारीख. आयडीत टॅब्लेटचं नाव आणि वेळ घाला म्हणजे दोन टॅब्लेटचा आयडी कधी सारखा होणार नाही. ही डॉक्युमेंट एकदा लिहिली की बदलत नाहीत, चूक झाली तर उलटी नोंद टाकायची, जशी वहीत टाकतात. शिल्लक हवी तेव्हा व्ह्यू आणि अंडरस्कोर सम हा रिड्यूस (म्हणजे सगळ्या नोंदींची बेरीज), ४० वजा ५ वजा ३, उत्तर ३२, कोणी ऑफलाइन असो वा नसो.

खात्यासारख्या गोष्टी बदलत्याच राहणार, तिथे डॉक्युमेंट छोटी करा. संपर्क वेगळा, पिकांची माहिती वेगळी, कारण ती वेगवेगळी माणसं बदलतात. आणि त्या टॅब्लेटपुरतीच असलेली सेटिंग्ज अंडरस्कोर लोकलने सुरू होणाऱ्या आयडीखाली ठेवा, ती रेप्लिकेट होत नाहीत, म्हणजे त्यांचा दोन टॅब्लेटमध्ये कॉन्फ्लिक्ट व्हायचा प्रश्नच नाही.

## ८. हे तीन शॉर्टकट घेऊ नका

न्यू एडिट्स फॉल्स. लिहिताना हा पर्याय दिला की ४०९ येत नाही हे खरं, पण तो रेप्लिकेशनसाठी आहे, तो कॉन्फ्लिक्ट टाळत नाही, गुपचूप नवीन फांदी तयार करतो.

रेव्हची मर्यादा अगदी कमी करणं. काउचडीबीत डीफॉल्ट १००० आहे. जागा वाचवायला ती १ किंवा २ वर आणली तर बराच वेळ ऑफलाइन राहिलेल्या टॅब्लेटचा इतिहास सर्व्हरच्या इतिहासाशी जुळत नाही, आणि ज्या डॉक्युमेंटवर दोघांनी कधी एकत्र काम केलंच नाही तिथेही कॉन्फ्लिक्ट दिसायला लागतात.

जुने रेव्ह म्हणजे बॅकअप समजणं. कॉम्पॅक्शन चाललं की फांदीच्या टोकाचा रेव्ह सोडून बाकीच्यांचा मजकूर जातो. इतिहास हवा असेल तर तो वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये स्वतः ठेवा.

## ९. मुद्दाम कॉन्फ्लिक्ट घडवून बघा

दोन खिडक्या उघडा, दोघीत अॅप सिंक होऊ द्या. मग दोघींच्या डेव्हटूल्समधून नेटवर्क ऑफलाइन करा. एकीत त्याच खात्याचा मोबाइल बदलून एकदा सेव्ह करा, दुसरीत गाव बदलून तीनदा सेव्ह करा. दोघी ऑनलाइन आणा, सिंक थांबेपर्यंत थांबा. आता कर्लने सर्व्हरवरून ते डॉक्युमेंट कॉन्फ्लिक्ट्स ट्रू देऊन मागा. तीनदा सेव्ह केलेलं विनर म्हणून यायला हवं आणि दुसऱ्याचा रेव्ह यादीत. मग तुमची सोडवायची स्क्रिप्ट चालवा आणि दोन्ही खिडक्यांत नवा मोबाइल आणि नवं गाव दोन्ही दिसतात का बघा.

नंतर तेच एकीत डिलीट आणि दुसरीत एडिट करून बघा. इथे एडिट जिंकतं आणि अंडरस्कोर कॉन्फ्लिक्ट्समध्ये काहीच दिसत नाही, कारण डिलीट झालेल्या फांद्या त्या यादीत येत नाहीत, त्या अंडरस्कोर डिलीटेड कॉन्फ्लिक्ट्समध्ये असतात आणि काउचडीबीला त्या वेगळ्या मागाव्या लागतात. डिलीट केलेलं खातं दुसऱ्याच्या एडिटमुळे परत यावं की नाही हा पुन्हा दुकानदाराला विचारायचा प्रश्न आहे. ‘येऊ नये’ असं उत्तर आलं तर खरं डिलीट करायच्या ऐवजी ‘बंद’ असं एक फील्ड ठेवा आणि मर्जच्या कागदावर लिहा की कुठल्याही एका फांदीत बंद असेल तर खातं बंद.